गावाजवळची सोपी आणि देखणी पायवाट कशी निवडावी

छोट्या गावाभोवती भटकायला वाटा भरपूर असतात, त्यांची माहिती मात्र तुटपुंजी असते. जुन्या फलकावर लिहिलेलं अंतर, कुणीतरी टाकलेला जीपीएस ट्रॅक, माथ्यावरून काढलेले दहा फोटो आणि ‘सोपी वाट, सगळ्यांना जमेल’ असा शेरा, एवढंच हाती लागतं. यावरून तुमच्याबरोबरच्या माणसांना ती वाट झेपेल की नाही, हे कळत नाही. अंतर फसवतं आणि फोटो त्याहून जास्त फसवतात. चढ कुठे आणि किती साठलाय, पायाखाली काय आहे आणि मधूनच परत फिरता येतं का, या तीन गोष्टींवर वाट सोपी की अवघड ते ठरतं. राहिला देखणेपणा, तर त्याचं उंचीशी नातं समजलं जातं तितकं घट्ट नाही.

आधी माणसं बघा

गटातला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडा. सरासरी काढू नका. पाच जणांतले चार तरबेज असले तरी पाचव्याचा गुडघा दुखत असेल तर गटाचा वेग तोच. सपाटीवर हा माणूस एका दमात किती चालतो आणि दोन-तीन मजले जिना चढल्यावर त्याला बोलता येतं का, एवढं माहीत असलं तरी पुरे. लहान मुलं दमतात कमी, कंटाळतात जास्त. त्यांच्यासाठी एकसुरी रुंद रस्त्यापेक्षा दगड, ओढा, वळणं असलेली छोटी वाट बरी.

कुठे शोधायचं

नकाशावर गावापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात येणारा भाग घ्या. त्यात आधी माणसाने दुसऱ्याच कामासाठी आखलेल्या रेषा शोधा, कारण त्यांचा चढ कुणीतरी विचार करून ठेवलेला असतो. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या, म्हणजे शंभर मीटर अंतराला दोन-तीन मीटरच्या वर जात नाही. कालव्याकाठचा देखभालीचा रस्ता तर जवळजवळ सपाटच असतो. जनावरं जुंपलेल्या गाड्यांसाठी काढलेले जुने घाटरस्ते लांब वळसे घेत चढतात. पायी चालणाऱ्याला कधीकधी ते कंटाळवाणे वाटतात, पण नवख्यांना यांहून चांगली वाट मिळणं कठीण.

तळ्याकाठची वाट घेणार असाल तर ती पूर्ण फेरी मारते की मधेच तुटते, हे उपग्रहचित्रावर तपासा. जलाशयांचं पाणी ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं. नकाशातला काठ आणि प्रत्यक्षातला काठ यांच्यात चिखलाचा रुंद पट्टा असू शकतो, किंवा वाटच पाण्याखाली गेलेली असते.

वनविभागाचे कच्चे रस्ते सोपे असतात, रुंद असतात आणि उन्हात तापतातही. जायचा टप्पा म्हणून ते ठीक आहेत, अख्खी भटकंती त्यांच्यावर काढू नये.

ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनीच भरलेल्या मोफत ऑनलाइन नकाशावर अनेक वाटांना अडचणीची श्रेणी दिलेली असते. ती स्विस आल्पाइन क्लबच्या टी-१ ते टी-६ या पायऱ्यांवर आधारलेली आहे. टी-१ म्हणजे नीट मळलेली वाट, पडायची भीती नाही. टी-२ म्हणजे वाट सलग, पण काही ठिकाणी उभा चढ. टी-३ पासून हात टेकायची वेळ येऊ शकते. सहज भटकंतीला टी-१ घ्या, सगळे धडधाकट असतील तर टी-२. श्रेणी लिहिलेलीच नसेल तर ती वाट सोपी आहे असं धरून चालू नका. कुणी ती भरली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चढाचा हिशेब

इथे थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक फजित्या इथेच होतात.

पहिला गोंधळ ‘उंचीतला फरक’ आणि ‘एकूण चढाई’ यांचा. वाट ६०० मीटरवर सुरू होते, सगळ्यात उंच जागा ७०० मीटरवर आहे, म्हणजे शंभर मीटरच चढायचं, असं वाटतं. पण ती वाट तीन घळींत उतरून पुन्हा वर येत असेल तर पायांना तीनशे-साडेतीनशे मीटर चढावं लागतं. पाहायची ती एकूण चढाई.

ढोबळ पट्टी अशी: एकूण चढाईला एकूण अंतराने भागा. जाऊन-येऊन दर किलोमीटरला ४० मीटरपर्यंत चढाई असेल तर वाट आरामाची. ४० ते ८० मध्ये घाम निघतो. शंभरच्या पुढे गेलात तर नवख्या माणसाला ती सोपी म्हणून सांगू नका.

आता ७ किलोमीटरची आणि २८० मीटर चढाईची वाट घ्या. भागाकार बरोबर ४०, म्हणजे आरामाची. पण हा २८० मीटरचा चढ साडेतीन किलोमीटरवर पसरलाय की शेवटच्या एका किलोमीटरवर कोंबलाय? पहिल्या प्रकारात सरासरी आठ टक्के चढ लागतो आणि गप्पा मारत जाता येतं. दुसऱ्यात अठ्ठावीस टक्के, म्हणजे किलोमीटरभर जिनाच. आकडे तेच, वाटा वेगळ्या. म्हणून उंचीचा आलेख उघडून सगळ्यात उभा अर्धा किलोमीटर शोधा आणि वाट त्याच्यावरून ठरवा.

आलेख नसेल तर समोच्च रेषा, म्हणजे नकाशात समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा मोजा. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. लागोपाठच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असेल आणि वाट २ सेंटिमीटरमध्ये पाच रेषा ओलांडत असेल, तर चढ दहा टक्के. त्याच पाच रेषा एका सेंटिमीटरमध्ये आल्या तर वीस टक्के. अर्ध्या सेंटिमीटरमध्ये आल्या तर चाळीस टक्के. तिथे वाट नागमोडी गेलेली नसेल तर दुसरी वाट बघा.

रेषांचे आकारही बोलतात. रेषांचं टोक उंच भागाकडे घुसलं असेल तर ती घळ किंवा ओढा, आणि फुगवटा खालच्या बाजूला आला असेल तर ती डोंगराची सोंड. सोंडेवरची वाट सहसा मोकळी, वाऱ्याची आणि दोन्ही बाजूंना दृश्य देणारी असते. घळीतली वाट सावलीची, पण ओलसर आणि दगडधोंड्यांची.

समोच्च रेषांना समांतर जाणारी वाट सपाट असते, पण ‘सपाट म्हणजे सोपी’ म्हणण्याआधी तिच्या वर आणि खाली रेषा किती दाट आहेत ते बघा. दाट असतील तर ती उभ्या उतारावरून काढलेली आडवी वाट आहे. दम लागत नाही, मात्र एका अंगाला दरी असते. उंचीची भीती असलेला माणूस अशा ठिकाणी मधेच बसतो आणि मग त्याला पुढेही नेता येत नाही, मागेही.

आणखी दोन ठिकाणी आकडे दगा देतात. कित्येक ॲप उंचीसाठी एसआरटीएमची आकडेवारी वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेली ही मोजणी साधारण तीस मीटरच्या चौकटींची आहे. कड्याखालून जाणाऱ्या अरुंद वाटेवर ट्रॅक जरा इकडेतिकडे सरकला की संगणकाला वाटतं, माणूस कडा चढला आणि उतरला. मग सपाट वाटेवरही दोनशे मीटर खोटी चढाई दिसते. उलट बाजूने, आठ मीटरचा कातळटप्पा २० मीटरच्या दोन रेषांमध्ये सहज लपतो. नकाशात त्याचा मागमूस नसतो. तो सापडतो फक्त फोटोंत आणि गावकऱ्यांच्या बोलण्यात.

वेळ काढताना

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून वापरात आहे: दर तीन मैलांना एक तास, वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे ताशी साधारण पाच किलोमीटर आणि दर शंभर मीटर चढाईला दहा मिनिटं. हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. साध्या गटासाठी ताशी चार किलोमीटर धरा, आणि आलेल्या वेळेत एक तृतीयांश भर घाला. पाणी, फोटो, बुटाची नाडी, सगळं त्यात आलं.

मघाचीच वाट: ७ किलोमीटरला १ तास ४५ मिनिटं, चढाईला २८ मिनिटं, मिळून सव्वादोन तासांच्या आसपास. एक तृतीयांश वाढवलं की तीन तास. बरोबर लहान मुलं असतील तर ताशी अडीच किलोमीटर धरा; हीच वाट चार तास वीस मिनिटांवर जाते. ॲपमधला वेळ वाचताना तो ‘चालण्याचा वेळ’ आहे की ‘एकूण वेळ’ हे बघा. पहिल्यात थांबे धरलेले नसतात.

उतरायला निम्मा वेळ पुरेल हा समज सोडा. उभ्या, सुट्या दगडांच्या उतारावर नवख्यांना चढाइतकाच वेळ लागतो, कधी जास्तच.

पायाखाली काय आहे

फोटो बघताना माणसांचे चेहरे आणि मागचं दृश्य सोडा, त्यांचे पाय आणि जमीन बघा. कुणाचे हात खडकाला टेकलेत का? सगळे एका रांगेत, पोट डोंगराकडे करून उभे आहेत का? पायात काय घातलंय? आणि फोटो कोणत्या महिन्यातला आहे? कोरड्या दिवसांतली छान वाट ओल्या दिवसांत पार वेगळी असते.

सगळ्यात जास्त पाडणारी जमीन म्हणजे कठीण पृष्ठभागावर पसरलेला बारीक मुरूम. दिसायला निरुपद्रवी, पण उतरताना खडे बुटाखाली बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात आणि माणूस पाठीवर येतो. चढताना याचा त्रास कमी जाणवतो, म्हणून लोक बेसावध राहतात. अशा ठिकाणी पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, वजन पुढच्या पायावर पूर्ण तोलल्याशिवाय मागचा पाय उचलू नका. मागे रेलू नका; भीतीने तेच होतं आणि तेच घसरवतं.

शेवाळलेला कातळ टाळाच, तिथे कौशल्य फारसं कामाला येत नाही. ओली चिकणमाती बुटाच्या खाचा भरून टाकते आणि तळवा गुळगुळीत होतो, म्हणून अधूनमधून दगडावर बूट झटकावा लागतो. ओली मुळं तिरकी ओलांडू नका. एक तर पलीकडे पाऊल टाका, नाहीतर वळसा घ्या.

ओढा ओलांडायचा असेल तर त्या जागेच्या वरच्या अंगाला नकाशात किती प्रवाह येऊन मिळतात ते मोजा. जितके जास्त, तितका वर पडलेला पाऊस खाली अचानक येण्याचा संभव जास्त, मग तुमच्या डोक्यावर ऊन का असेना. बर्फाळ डोंगरातून येणारा ओढा सकाळी कमी असतो आणि दुपारी फुगतो, तेव्हा सकाळी सहज ओलांडलेला प्रवाह परतताना अडवू शकतो. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर त्या दिवसापुरती वाट तिथेच संपली.

परत फिरता येणारी वाट

पहिल्यांदा जाताना गेल्या वाटेने परत येणारी वाट निवडा. कुठूनही मागे वळता येतं आणि मागचा भाग ओळखीचा असतो. गोल फेरी जास्त मजेची, पण निम्मं अंतर ओलांडलं की परत फिरण्यात काही राहत नाही आणि अवघड जागा बहुधा त्यानंतरच येते. फेरी घ्यायचीच असेल तर उभा भाग चढायला आणि सौम्य भाग उतरायला येईल अशी दिशा धरा. गुडघ्यांना उतार जास्त त्रास देतो, आणि अवघड टप्पा जमणार नसेल तर ते लवकर, दम शाबूत असताना कळतं.

वाटेला किती फाटे फुटतात हे घरी बसून मोजा. पाच किलोमीटरला दोन फाटे असलेली वाट आणि अकरा फाटे असलेली वाट, चढ सारखा असला तरी, सारख्या सोप्या नाहीत. प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, शक्य असेल तर फोटो काढा. येताना तो तसाच दिसणार असतो आणि जाताना पाहिलेल्या रूपाचा उपयोग होत नाही.

गावाजवळच्या डोंगरात सगळ्यात मोठा घोटाळा ढोरवाटा करतात. त्या मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात. ओळखायच्या कशा? गुरांची वाट एकाची चार होते आणि पुन्हा जुळते. तिच्यावर फांद्या माणसाच्या कमरे-छातीशी आडव्या येऊ लागतात, कारण जनावर खालून निघून जातं. ती चरण्याच्या जागी किंवा पाणवठ्यावर विरून जाते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीवर छाटलेल्या फांद्या, गुळगुळीत झालेले दगड, रचलेल्या दगडांच्या खुणा आणि दुर्दैवाने प्लास्टिकचे कागद दिसतात. दहा मिनिटांत यातलं काहीच दिसलं नाही तर खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत परत या. ‘इथून तिरकं गेलो की लागेल वाट’ हा विचार करू नका. लोक हरवतात ते बहुतेक याच तिरक्या रेषेवर.

गावात चौकशी करताना ‘किती वेळ लागेल?’ असं विचारून फारसा उपयोग नाही. रोज वर जाणाऱ्याचा अर्धा तास म्हणजे तुमचा एक-सव्वा तास. त्याऐवजी हे विचारा:

- शाळकरी मुलं, म्हातारी माणसं या वाटेने जातात का?
- गुरं कुठपर्यंत चढतात? गाय जिथे थांबते तिथून पुढे वाट उभी आहे असं समजा.
- कुठे हात धरून चढावं लागतं का?
- शेवटचं पाणी कुठे, आणि ते आत्ता आहे का?
- जोरात पाऊस झाला की ओढा किती वेळाने उतरतो?
- वाट कुणाच्या खासगी जमिनीतून किंवा राखीव जंगलातून जाते का? परवानगी कुणाची लागते?

शेवटचा प्रश्न लोक टाळतात. वणव्याच्या किंवा शिकारीच्या दिवसांत वाटा बंद असतात, खाणीजवळ सुरुंगाच्या वेळा ठरलेल्या असतात. शेताचं फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जायचं, उघडं असेल तर उघडं.

देखणेपणा कसा ओळखायचा

सपाट प्रदेशावर शंभर मीटर उंच असलेल्या टेकडीवरून, हवा स्वच्छ असेल तर, क्षितिज साधारण ३६ किलोमीटरवर दिसतं. उंची चौपट करून चारशे मीटर केली तर ते ७१ किलोमीटरवर जातं, म्हणजे फक्त दुप्पट. पहिल्या शंभर मीटरमध्येच निम्मी कमाई होते. म्हणून रांगेच्या मधल्या उंच शिखरापेक्षा बाजूला सुटी उभी असलेली बुटकी टेकडी अनेकदा जास्त दाखवते. तिच्या आड काही येत नाही. नकाशात गोल गोल बंद रेषांचं, चहूबाजूंनी सपाटीने वेढलेलं बेट शोधा.

नकाशातली उंची मात्र झाडांबद्दल काही सांगत नाही. माथा हिरव्या रंगात दाखवला असेल तर वर पोचून फक्त खोडं दिसण्याची शक्यता बरीच. उपग्रहचित्रात माथ्यावर उघडा कातळ किंवा गवत दिसतंय का ते तपासा.

प्रकाशाचा विचार साधा आहे: सूर्य पाठीशी हवा. पूर्वेकडचं खोरं बघायचं तर दुपारनंतर जा, पश्चिमेकडचं बघायचं तर सकाळी. चुकीच्या वेळी गेलात तर डोळ्यांवर ऊन आणि समोर पांढुरका पडदा. तळ्यातलं प्रतिबिंब वारा सुटायच्या आत, म्हणजे सकाळी लवकर. पाऊस पडून गेल्यावरची उघडीप लांबच्या दृश्यांना सगळ्यात चांगली, धूळ बसलेली असते. मात्र तेव्हाच वाट निसरडी असते, तेव्हा दोन्हीचा मेळ घाला. धबधब्याच्या वर पाणलोट छोटा असेल तर तो पाऊस थांबल्यावर थोड्याच दिवसांत आटतो. नकाशात वरचा ओढा किती लांब आहे ते बघून जा.

एक निकष आम्ही फार महत्त्वाचा मानतो: पहिलं चांगलं दृश्य वाटेच्या पहिल्या चाळीस टक्क्यांत यायला हवं. सगळी मजा माथ्यावरच ठेवलेल्या वाटेवर कुणी परत फिरायला तयार होत नाही, दम संपला तरी, ढग आले तरी. मध्ये एखादी खिंड, पठार किंवा पाणी असेल तर तिथून वळलं तरी दिवस वाया जात नाही.

निघायच्या दिवशी

सामान थोडकंच लागतं: चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा लिटर पाणी, उन्हात जास्त, पकड असलेले, आधी वापरलेले बूट, डोक्याला लावायची विजेरी, पावसाचं एक जाकीट. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, म्हणून फोन विमान मोडवर टाकला की बॅटरी टिकते. कुठल्या वाटेने जाताय आणि कधीपर्यंत परत याल, हे मागे राहिलेल्या एका माणसाला सांगा.

परत फिरायची वेळ निघायच्या आधी ठरवा. सव्वासहाला सूर्यास्त असेल तर सव्वापाचला खाली असायचं. दोनला सुरुवात केली तर हातात सव्वातीन तास, म्हणजे साडेतीनला जिथे असाल तिथून मागे. विषुववृत्ताच्या जवळच्या भागांत सूर्य मावळल्यावर संधिप्रकाश अर्धा तासही टिकत नाही. घड्याळ नसेल तर हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं आडवी मावतात ते बघा. एक बोट म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटं.

वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. धारेवरून आणि एकट्या झाडाखालून लगेच निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जाऊ नका.

पहिली वीस मिनिटं चाचणीची समजा. सुरुवातीच्या चढावर गटातल्या प्रत्येकाला पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. कुणी तुटक बोलू लागलं तर वेग कमी करा. तरीही तसंच राहिलं तर आजचा पल्ला लहान करा. सोपी म्हणून सांगितलेल्या वाटेवर पहिल्या किलोमीटरमध्येच हात टेकावे लागले तर तुम्ही बहुधा दुसऱ्याच वाटेवर आहात. थांबा आणि नकाशा उघडा.

घरी आल्यावर तीन गोष्टी लिहून ठेवा: आधी हिशेबाने काढलेला वेळ, लागलेला वेळ आणि वाट ओली होती की कोरडी. लागलेल्या वेळेला काढलेल्या वेळेने भागलं की तुमच्या गटाचा गुणक मिळतो. तो १.३ आला तर पुढच्या वाटेचा हिशेब १.३ ने गुणा, आणि गटात नवीन माणूस आला की पुन्हा काढा.